मोजलं कुणी? २८ जुलै २०२४ ची रात्र आणि केंद्रावरचा कागद

आडवाटेचा_प्रवासी (धागाकर्ता)
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:१४

परवा व्हेनेझुएलाच्या विरोधी नेत्या मारिया कोरिना मचादो यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं आणि आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सॅप गटात नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एकाला त्या झाशीची राणी वाटतात, दुसऱ्याला अमेरिकेच्या हातातली बाहुली. भांडण रंगात आल्यावर लक्षात आलं की व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ ला, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री, नेमकं काय झालं हे दोघांनाही धड ठाऊक नाही. मला नोबेलपेक्षा त्या रात्रीत जास्त रस आहे.

थोडी पार्श्वभूमी. निकोलास मादुरो २०१३ मध्ये सत्तेत आले. विरोधकांनी २०२३ च्या ऑक्टोबरात आपसात निवडणूक घेतली, ती मचादोंनी ९० टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकली. पण सरकारने त्यांना पद लढवायला आधीच अपात्र ठरवलेलं. त्यांच्या जागी कोरिना योरिस या प्राध्यापिका पुढे आल्या, तर निवडणूक मंडळाच्या संगणकात त्यांचा अर्जच दाखल होईना. शेवटी एदमुंदो गोन्सालेस हे निवृत्त राजदूत उभे राहिले. वय ७४, घराघरांत माहीत असलेलं नाव अजिबात नाही. मतपत्रिकेवर मादुरोंचा फोटो १३ वेळा. हो, तेरा. मित्रपक्ष तेवढे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात साहेब. देश सोडून गेलेली माणसं ७० लाखांच्या वर, आणि परदेशातून मत देता येईल असे नोंदलेले मतदार जेमतेम ६९ हजार.

म्हणजे खेळपट्टी आधीच उकरून ठेवलेली. आता गंमत पाहा. एवढं करूनही मोजणीची मूळ यंत्रणा चांगली होती! मतदार यंत्राच्या पडद्यावर मत देतो, चिठ्ठी छापून बाहेर येते, ती तो स्वतः पेटीत टाकतो. मतदान संपलं की प्रत्येक यंत्र त्या केंद्राचा निकाल कागदाच्या लांबलचक पट्टीवर छापतं. तिला तिथे ‘आक्ता’ म्हणतात. त्यावर केंद्रावरचे कर्मचारी आणि पक्षांचे प्रतिनिधी सह्या करतात आणि प्रतिनिधींना प्रत मिळते. तसा कायदाच आहे. २०१२ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या पद्धतीला जगातली सर्वोत्तम म्हटलं होतं, तेही मादुरोंच्या आधीच्या चावेझच्या काळात.

विरोधकांनी आपली सगळी शक्ती या पट्टीवर लावली. हजारो प्रतिनिधी केंद्राकेंद्रावर बसले. काही ठिकाणी त्यांना हाकललं, काही ठिकाणी प्रत दिली नाही, पण बहुतेकांना ती मिळाली. कागद घेऊन माणसं दुचाकीवरून निघाली आणि ठरलेल्या जागी जाऊन स्कॅन करू लागली. मध्यरात्रीनंतर निवडणूक मंडळाचे अध्यक्ष एल्विस आमोरोसो टीव्हीवर आले : ८० टक्के मोजणी झाली, मादुरो ५१.२ टक्के, गोन्सालेस ४४.२ टक्के, कल आता बदलणार नाही. संगणकांवर सायबर हल्ला झाल्याचंही सांगण्यात आलं. महाअधिवक्त्यांनी तर हल्ला उत्तर मॅसिडोनियातून झाल्याचं जाहीर केलं. केंद्रवार निकाल मात्र मंडळाने त्या दिवशीही दिले नाहीत आणि आजपर्यंत दिलेले नाहीत.

विरोधकांनी दिले. एकूण ३०,०२६ यंत्रांपैकी ८० टक्क्यांहून जास्त यंत्रांच्या पट्ट्या त्यांनी जालावर टाकल्या. बेरीज : गोन्सालेस सुमारे ६७ टक्के, मादुरो सुमारे ३०.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निदर्शनं, दोन हजारांहून जास्त अटका, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा मादुरोंच्या बाजूने शिक्का, सप्टेंबरात गोन्सालेस स्पेनला, १० जानेवारी २०२५ ला मादुरोंचा तिसऱ्यांदा शपथविधी.

मला पडलेले प्रश्न दोन. ज्याला हरायचंच नाही तो निवडणूक घेतोच कशाला? आणि घेतलीच, तर तो कागद का छापू देतो?

---

तिरकस_तात्या
१२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दहाव्या प्रतिसादाच्या आत धाग्याचं काश्मीर होणार. पैज.

---

गणितवेडा
१२ ऑक्टोबर, रात्री ११:५०

त्या पहिल्या घोषणेतले आकडे कुणी नीट पाहिले का? मादुरो ५१,५०,०९२. गोन्सालेस ४४,४५,९७८. बाकी सगळे मिळून ४,६२,७०४. बेरीज १,००,५८,७७४.

आता कॅल्क्युलेटर काढा. एकूण मतांना ०.५१२ ने गुणा. उत्तर ५१,५०,०९२.२८८. ०.४४२ ने गुणा, ४४,४५,९७८.१०८. ०.०४६ ने गुणा, ४,६२,७०३.६. जवळच्या पूर्णांकात आणलं की तिन्ही आकडे अगदी मतामतापर्यंत जुळतात.

ज्यांना यात विशेष काय असं वाटेल त्यांच्यासाठी : खऱ्या मोजणीत टक्केवारी ५१.२०३७ किंवा ५१.१८६४ अशी काहीतरी ओबडधोबड येते. एक कोटी मतांत ०.१ टक्का म्हणजे सुमारे दहा हजार मतं. त्या दहा हजारांतल्या नेमक्या एका आकड्यावर बोट पडायला हवं, आणि एकदा नव्हे, दोनदा (तिसरा आपोआप येतो). शक्यता ढोबळमानाने दहा कोटींत एक. म्हणजे आधी टक्के ठरले, मतं मागून काढली. कुणी म्हणेल, मंडळातल्या कारकुनाने टक्केवारीवरून मतं काढून साहेबांच्या हातात दिली असतील. असेल बुवा. पण मग साहेबांनी जे वाचलं ती मोजणी नव्हतीच ना?

आणि ‘कल बदलणार नाही’ हे तर अजून भारी. फरक ७,०४,११४ मतांचा आणि त्यांच्याच हिशोबाने मोजायची राहिलेली मतं २५ लाखांच्या घरात.

माझी बारावीतली मुलं प्रॅक्टिकलच्या वहीत वाचनं अशीच मागून भरतात. ती निदान शेवटच्या अंकात थोडी गडबड करतात, पकडलं जाऊ नये म्हणून.

---

डावखुरा
१३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

गणित आवडलं. पण धागाकर्त्याने एक बाजू झाकली आहे. अमेरिकेने त्या देशावर वर्षानुवर्षं निर्बंध लादले, २०१९ मध्ये संसदेच्या अध्यक्षालाच देशाचा अध्यक्ष म्हणून मान्यता देऊन टाकली. अशा वातावरणात विरोधी पक्ष स्वतःच कागद स्कॅन करतो, स्वतःच संकेतस्थळावर टाकतो आणि जगाने ते ब्रह्मवाक्य मानायचं? उद्या मीही प्रिंटर घेऊन बसेन.

---

आडवाटेचा_प्रवासी
१३ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

@डावखुरा, निर्बंधांबद्दल पूर्ण सहमत. पण कागद खोटे असतील तर ते खोटे पाडायचा उपाय सरकारच्याच खिशात होता. मंडळाकडे त्याच यंत्रांचा सगळा तपशील असतो. चार खरे कागद शेजारी ठेवले असते तर विरोधकांची नाचक्की झाली असती. ठेवले नाहीत.

दुसरं, हे कागद मागणारी फक्त अमेरिका नव्हती. ब्राझील, कोलंबिया आणि मेक्सिको यांनी १ ऑगस्टला एकत्र निवेदन काढून केंद्रवार आकडे जाहीर करा म्हटलं. तिथले तेव्हाचे अध्यक्ष लुला, पेत्रो, लोपेझ ओब्रादोर, तिघेही तुमच्याच डाव्या गल्लीतले! चिलीचे तेव्हाचे अध्यक्ष बोरिच यांनी तर निकालावर विश्वास बसणं कठीण आहे असं त्याच रात्री सांगितलं. आणि निरीक्षक म्हणून कार्टर सेंटरला मादुरोंच्याच मंडळाने बोलावलं होतं. ही निवडणूक लोकशाहीची म्हणता येणार नाही, असं तेच सांगून परतले.

आणि प्रिंटरचं म्हणाल, तर प्रत्येक पट्टीवर क्यूआर कोड असतो आणि हाताने केलेल्या सह्या. पंचवीसेक हजार पट्ट्यांवर मंडळाच्याच कर्मचाऱ्यांच्या सह्या एका रात्रीत उभ्या करायच्या म्हणजे प्रिंटर पुरणार नाही, अख्खं गाव लागेल.

---

डावखुरा
१३ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

लुलाचं मान्य. नोबेलचं अजिबात नाही, पण ते इथे अवांतर.

---

स्प्रेकाठी
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:१७

मी गेली अकरा वर्षं बर्लिनमध्ये आहे, पूर्वेकडच्या भागात. आमच्या इमारतीतल्या आजींनी एक शब्द शिकवला. पूर्व जर्मनीत मत द्यायला जाण्याला लोक ‘घडी घालायला जातो’ म्हणायचे. कारण तेवढंच काम असायचं. यादी एकच, सत्ताधारी आघाडीची. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. विरोध करायचा तर एकेक नाव खोडायचं, आणि त्यासाठी कोपऱ्यातल्या आडोशाला जायचं. आडोशाकडे पाय वळले की तिथे बसलेल्यांच्या वहीत नोंद होते, हे सगळ्यांना माहीत. आजी म्हणाल्या, “आडोसा होता गं, पण तिथवर जायची वाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून होती.”

७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत मात्र वेगळंच झालं. कायद्यात मोजणी खुली असते असं कलम होतंच, ते वापरायला कुणी जात नसे. त्या दिवशी चर्चच्या आसऱ्याने जमणारे तरुण केंद्राकेंद्रावर गेले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि विरोधी मतं मोजून वहीत लिहीत गेले. रात्री निवडणूक आयोगाच्या प्रमुख एगोन क्रेन्झने टीव्हीवर सांगितलं, ९८.८५ टक्के बाजूने. बर्लिनच्या वाइसेनझे भागातल्या जवळजवळ सगळ्या केंद्रांवर ही माणसं होती. त्यांच्या वहीतली विरोधी मतं सरकारी आकड्याच्या दुपटीहून जास्त भरली.

लक्षात घ्या, वहीतल्या आकड्यांनीही सरकार आरामात जिंकतच होतं! ९० टक्के मिळाले असते तर काय बिघडलं असतं? पण खालच्या माणसाची वरच्याला ९० सांगायची हिंमत नव्हती.

त्यानंतर दर महिन्याच्या ७ तारखेला आलेक्झांडरप्लाट्झ चौकात लोक जमू लागले. नोव्हेंबरात भिंत पडली. पुढे ड्रेस्डेनमधल्या फेरफाराबद्दल तिथले तेव्हाचे पक्षप्रमुख हान्स मोड्रो यांच्यावर खटला होऊन शिक्षाही झाली, निलंबित का होईना.

---

तिरकस_तात्या
१३ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

वाह, काय प्रतिसाद. स्वतंत्र लेख होऊ द्या यावर.

---

सह्याद्रीचा_वारा
१३ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

लांबच्या गोष्टी कशाला? आपल्याकडे ईव्हीएमचं काय चाललंय त्यावर बोला की! गेल्या वर्षी

[प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. ईव्हीएमसाठी आधीचे तीन धागे उघडे आहेत, तिथे मनसोक्त लिहा. — संपादक मंडळ]

---

तिरकस_तात्या
१३ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५८

आठव्या प्रतिसादाला. पैज जिंकलो. चहा कोण पाजतंय?

---

मास्तरीणबाई
१३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

संपादकांची माफी मागून, वादात न पडता फक्त कागदापुरतं लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि नऊ निवडणुकांची ड्युटी केली. त्यातल्या चार वेळा मतदान केंद्राध्यक्ष.

आपल्याकडेही असा कागद आहे. नमुना १७-सी. केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्याचा हिशोब. कुणाला किती हे त्यात नसतं, ते मोजणीच्या दिवशी कळतं. पण एकूण आकडा तिथल्या तिथे पक्का होतो. मतदान संपलं की केंद्राध्यक्षाने त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा आणि हा आकडा जुळवून बघायचा, यासाठी.

आता खरं सांगते. पहाटे मॉक पोलला (चाचणी मतदानाला) प्रतिनिधी डोळे चोळत येतात, पन्नास मतं टाकून होईपर्यंत दोघे चहाला गेलेले असतात. दुपारी जेवणाचा डबा कुणाचा कधी येणार यावर खल. संध्याकाळी सहानंतर मी प्रती लिहायला बसले की एकेकाला घराचे वेध लागलेले. “बाई, राहू द्या, तुमच्यावर विश्वास आहे.” मी हाका मारमारून प्रत हातात कोंबलेली आहे. एकदा साहित्य आवरताना बाकाखाली दोन प्रती सापडल्या, एकीवर शेंगदाण्याची टरफलं ठेवलेली. त्यामुळे दुचाकीवरून कागद नेणाऱ्या त्या माणसांचं वाचून मला फार बरं वाटलं, आणि जरा लाजही वाटली.

---

गणितवेडा
१३ ऑक्टोबर, रात्री ९:४४

बाई, शेंगदाण्याची टरफलं. __/\__

---

रात्रपाळी
१४ ऑक्टोबर, पहाटे २:१०

आयटीवाल्यांसाठी एक जोड. फिलिपीन्स, फेब्रुवारी १९८६. तिथला हुकूमशहा मार्कोसने अमेरिकन टीव्हीवरच्या मुलाखतीत तावातावाने मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली होती. ७ फेब्रुवारीला मतदान झालं. मनिलातल्या मोजणी केंद्रात आकडे संगणकात भरणाऱ्या तीसेक ऑपरेटर, त्यात बहुतेक बायका. ९ तारखेला रात्री त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या यंत्रातून निघणारे आकडे वेगळे आणि समोरच्या फलकावर झळकणारे वेगळे. जागेवरून उठल्या, डिस्का आणि छापील कागद घेतले, रांगेने बाहेर पडल्या, सगळ्या पत्रकारांच्या देखत. थेट चर्चमध्ये जाऊन आसरा घेतला. त्या महिन्याच्या २५ तारखेला मार्कोस देश सोडून पळाला.

मी प्रॉडक्शनमधला चुकीचा आकडा दिसला तर आधी मॅनेजरला मेल टाकतो आणि उत्तराची वाट बघतो.

---

जुना_पेन्शनर
१४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मूळ प्रश्नाकडे येतो : घेतातच कशाला? कारण त्यांना आपण जिंकणारच असं वाटतं. भोवती खरं सांगणारा माणूस उरलेला नसतो. इंदिराबाईंनी १८ जानेवारी १९७७ ला रेडिओवरून निवडणूक जाहीर केली तेव्हा आम्ही वसतिगृहात होतो, कुणाचा विश्वासच बसेना. पुढारी तुरुंगातून सुटून आले ते थेट सभेला. पु.लं.च्या भाषणांना लोटलेली गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे. निकालाच्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळ्यावर आकडे लिहीत होते. रायबरेलीचा आकडा आला, ५५,२०२ मतांनी पराभव, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. आपल्या राज्यात १९७१ ला ४५ पैकी ४२ जागा जिंकलेल्या काँग्रेसला ४८ पैकी २० मिळाल्या.

पण एक कबूल करायला हवं. आणीबाणीने वर्तमानपत्रं दाबली, माणसं कोंडली, घटना वाकवली. मोजणीच्या टेबलाला मात्र हात लावला नाही. का, यावर मी अठ्ठेचाळीस वर्षं वाद घालतोय. माझे एक स्नेही म्हणतात बाईंची नियत, मी म्हणतो तहसीलदार. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला चोरी करायची सवय लागलेली नव्हती. पूर्व जर्मनीतल्याला होती.

---

स्प्रेकाठी
१४ ऑक्टोबर, सकाळी ११:०९

‘मी म्हणतो तहसीलदार’ — हे फार पटलं काका.

---

लुसाकाकर
१४ ऑक्टोबर, दुपारी ४:५०

सगळे कागदाच्या प्रेमात पडलेत म्हणून थोडं पाणी ओततो. २००८ मध्ये मी झांबियात होतो, सीमेपलीकडे झिम्बाब्वे. तिथे त्या वर्षी नवा नियम आला होता : प्रत्येक केंद्राचा निकाल दारावर चिकटवायचा. २९ मार्चला मतदान झालं. विरोधकांची माणसं मोबाइल घेऊन दारोदार फिरली, फोटो काढले, बेरीज केली. अध्यक्ष मुगाबेंच्या निवडणूक मंडळाला त्यामुळे मोठा हात मारता येईना. मग त्यांनी काय केलं? गप्प बसले. महिना उलटला तरी अध्यक्षपदाचा निकाल नाही! २ मे रोजी आला : विरोधी नेते त्स्वांगिराई ४७.९, मुगाबे ४३.२. पन्नास टक्के कुणालाच नाहीत, म्हणून दुसरी फेरी.

दुसऱ्या फेरीआधी कागदाशी झगडायची गरजच उरली नाही. ज्या खेड्यांनी विरोधात मत दिलं ती कुठली, हे दारावरच्या कागदावरूनच कळत होतं. मारझोड, घरं जाळणं, खून. त्स्वांगिराईंनी माघार घेतली आणि २७ जूनला मुगाबे ८५ टक्क्यांनी जिंकले. तेव्हा केंद्रवार निकाल दुधारी असतो, हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे काम करणारा बुलावायोचा सुतार तर म्हणायचा, पहिल्या वेळी आकडे चोरले असते तर बरं झालं असतं, माणसं वाचली असती.

---

आडवाटेचा_प्रवासी
१४ ऑक्टोबर, रात्री १०:३६

@लुसाकाकर, हा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. सुताराच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण मग कागद कुठे चालतो आणि कुठे नाही, हे बघायला चिली घ्या. तिथला हुकूमशहा पिनोशेने नव्या घटनेसाठीचं १९८० चं सार्वमत मतदारयादीशिवाय घेतलं होतं, आणि कोरी मतंसुद्धा ‘होय’मध्ये धरली होती. (त्याआधी १९७८ ला मतपत्रिकेवर ‘होय’पुढे देशाचा झेंडा आणि ‘नाही’पुढे काळा चौकोन. कसलीही लाज नाही.) पिनोशेने पुढेही सत्तेत राहावं का, यावरच्या ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात मात्र यादी होती, प्रतिनिधी होते, टीव्हीवर विरोधकांना रोज पंधरा मिनिटं होती, आणि ‘नाही’वाल्यांची स्वतःची समांतर मोजणी होती. संध्याकाळी सरकारने मोजक्या केंद्रांचे आकडे दिले, ‘होय’ पुढे. मग तासन्‌तास सामसूम. मध्यरात्रीनंतर हवाईदल प्रमुख फेर्नांदो मथाई राजवाड्यात शिरताना पत्रकारांना सहज बोलावं तसं बोलून गेले की ‘नाही’ जिंकलंय हे मला तरी स्पष्ट दिसतंय. आत पिनोशे जादा अधिकारांच्या हुकमावर सह्या मागत होता, मथाईंनी नकार दिला. निकाल : ‘नाही’ सुमारे ५६, ‘होय’ ४४.

मथाईंना एकाएकी लोकशाहीचं भरतं आलं असेल असं मला वाटत नाही. पण समांतर मोजणी बाहेर आलेली होती. आता खोटं बोलायचं तर उघडं पडून बोलावं लागणार होतं, आणि त्यासाठी रस्त्यावर गोळ्या चालवाव्या लागल्या असत्या. त्यांना ते नको होतं. व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, त्या रात्री सेनाप्रमुखांपैकी कुणी दारात थांबून असं बोललं नाही. बाकी कागद चिलीपेक्षा काराकासचाच जास्त पक्का होता.

---

डावखुरा
१४ ऑक्टोबर, रात्री ११:२०

म्हणजे शेवटी बंदूकवाला काय म्हणतो तेच. मग कागदाचं कौतुक कशाला?

---

जुना_पेन्शनर
१५ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

बंदूकवाल्याला वाचता येतं म्हणून.

---

मास्तरीणबाई
१५ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

एक बाळबोध शंका. त्या पट्ट्या दुकानातल्या बिलासारख्या असतील तर सहा महिन्यांत अक्षरं उडतात. माझ्या मिक्सरच्या वॉरंटीचं तेच झालं. मूळ कागद कुठे आहेत आता?

---

आडवाटेचा_प्रवासी
१५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

बाई, शंका अजिबात बाळबोध नाही. यंदा जानेवारीत, मादुरोंच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, गोन्सालेस पनामाला गेले. मूळ पट्ट्या तिथल्या राष्ट्रीय बँकेच्या तिजोरीत ठेवल्या आहेत. आणि स्कॅन तर पहिल्याच आठवड्यात जालावर होते. मतदाराने आपला ओळखपत्र क्रमांक टाकला की त्याच्या केंद्राची पट्टी समोर यायची.

---

मास्तरीणबाई
१५ ऑक्टोबर, दुपारी १:२२

तिजोरीत आहेत ना, मग ठीक. जाते, भाजणी दळून आणायची आहे.